जिन्याचा दिवा खालून लावा, गच्चीवरून बंद करा
जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्यात अंथरुणं गच्चीवर जातात. जिन्याच्या दिव्याचं बटण फक्त खाली असेल, तर दिवा रात्रभर जळतो, नाहीतर अंधारात चाचपडावं लागतं. खाली-वर एकेक टू-वे स्विच (एकच दिवा दोन ठिकाणांहून लावता-बंद करता येणारा) बसवून घ्याच. त्याला तीन स्क्रू असतात. फेज (करंट आणणारी वायर) खालच्या स्विचच्या कॉमनला (बहुधा मधला स्क्रू), वरच्याच्या कॉमनमधून वायर दिव्याला, उरलेले दोन-दोन स्क्रू दोन वायरींनी एकमेकांना. न्यूट्रल (परतीची वायर) थेट दिव्याला. मधल्या मजल्यावरही बटण हवं? त्या दोन वायरींच्या मधे चार स्क्रूंचा इंटरमीडिएट स्विच. स्विचवर फेजच तुटला पाहिजे. न्यूट्रल तोडला तर दिवा विझूनही होल्डरमध्ये करंट राहतो. काम मेन बंद करून, परवानाधारक वायरमनकडूनच. प्लास्टरआधी वायरींचा पाइप टाकला तर भिंत फोडावी लागत नाही.