शुहूर सन, हिजरी सन आणि एआय

मराठेशाहीच्या अर्थव्यवहारावर पीएच.डी. करताना मोडी पत्रांचे लिप्यंतर मी स्वतः करीत असे. गोषवारा आणि कालगणना मात्र चॅटजीपीटीवर सोपवली होती. मार्गदर्शकांना हे सांगितले नव्हते. तुम्ही अशी लपवाछपवी करू नका.

एका पत्रात रबिलावल महिना आणि 'इहिदे सबैन मया व अलफ' असे साल होते. एक, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७१ ही बेरीज एआयने अचूक केली आणि तो हिजरी सन धरून १७५७-५८ हे उत्तर दिले. शब्द अरबी, महिनाही हिजरीच, म्हणून मला शंका आली नाही. परंतु आपल्या दफ्तरांत असे साल शुहूर सनाचे असते. महिना आणि चंद्र (म्हणजे महिन्यातली तारीख) हिजरी, वर्ष मात्र सौर, मृग नक्षत्राला सुरू होणारे. त्यामुळे इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. पत्र १७७० सालचे निघाले. नानासाहेबांच्या काळातले म्हणून ज्या कर्जावर मी पानिपतपूर्व सावकारीचे अख्खे प्रकरण रचले, ते माधवरावांच्या कारकिर्दीतले होते. ते प्रकरण टाकून द्यावे लागले आणि त्याचे दुःख अजून गेलेले नाही.

अल्फाफोल्ड नावाचा एआय प्रोग्रॅम प्रथिनाच्या रचनेचा अंदाज देताना प्रत्येक अमिनो आम्लापुढे ० ते १०० असा विश्वासार्हतेचा आकडाही देतो. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळालेल्या हसाबिस आणि जंपर यांच्या या कामातला तो आकडा मला फार मोलाचा वाटतो, कारण कुठे थांबून तपासायचे ते संशोधकाला त्यावरून कळते. आपल्याशी गप्पा मारणारा एआय चुकीचे सालही बरोबर सालाइतक्याच ठामपणे सांगतो. संदर्भग्रंथांची यादी तर त्याच्याकडून मुळीच करून घेऊ नका. खऱ्या लेखकाच्या नावावर तो कधीही न लिहिलेला लेख घालतो.

तरीही घाबरून साधन टाकून देऊ नका. शेकडो लिप्यंतरांतून गावांची आणि सावकारांची नावे वेचण्याचे काम त्याने माझ्यासाठी पुष्कळ हलके केले. सरसकट बंदी घालणारे मार्गदर्शक विद्यार्थ्याला लपूनछपून वापरायला शिकवतात, असे माझे ठाम मत आहे. माझ्या मार्गदर्शकांनी सगळे ऐकून घेतले आणि जंत्री (जुन्या तारखांच्या इसवी तारखा देणारी कोष्टके) हातात देऊन उरलेल्या साऱ्या तारखा माझ्याकडून पुन्हा काढून घेतल्या. आता नोंदवहीत मी पत्रातले मूळ शब्द आधी उतरवतो, शेजारी जंत्रीतली इसवी तारीख लिहितो आणि त्यानंतरच ते पत्र एआयपुढे ठेवतो.