घरच्यांना क्रिकेटचे शब्द कसे समजावून सांगावेत: पायचीत आधी आंगणात, मग टीव्हीवर

कापसाची शेवटची वेचणी होऊन उलंगवाडी झाली की रिकाम्या वावरात चुन्याची फक्की मारून टेनिस बॉलचे सामने सुरू होतात आणि घरात टीव्हीवर आयपीएल. मग आजी, वहिनी नाही तर शेजारचे काकाजी जवळ येऊन बसतात आणि विचारतात, "हा कसा काय आऊट झाला?" त्यांना "तुम्हाला नाही समजणार" म्हणू नका. पन्नास शब्दांची यादीही वाचून दाखवू नका, कारण त्यातला एकही शब्द सामना संपेपर्यंत टिकत नाही. समोर जे घडलं त्याचाच शब्द सांगायचा, आणि तोही घडल्या घडल्या.

सहा चेंडूंचं एक षटक. चेंडू जमिनीला लागून धुऱ्यापार, म्हणजे सीमारेषेपलीकडे गेला तर चौकार, हवेतूनच पलीकडे पडला तर षटकार. दहा गडी बाद झाले की डाव संपला. याला दोन मिनिटं पुरतात.

"विकेट" हा शब्द मात्र सुरुवातीलाच सोडवून घ्या. एकच शब्द तीन गोष्टींसाठी वापरतात: उभ्या तीन यष्ट्या आणि त्यावरच्या बेल्स, बाद झालेला गडी, आणि खेळपट्टी. "विकेट पडली", "विकेटला लागला", "विकेट संथ आहे" ही तीन वाक्यं एकाच षटकात कानावर पडली की नवीन माणूस तिथेच थांबतो. पहिले काही दिवस तुम्ही स्वतः गडी, स्टंप आणि पिच असे वेगळे शब्द वापरा.

धावफलकावरचं १२.४ म्हणजे साडेबारा षटकांच्या आसपास काहीतरी, असं सांगू नका. तो दशांश अपूर्णांक नाही. १२ षटकं पूर्ण आणि पुढच्या षटकातले ४ चेंडू झाले, एवढाच त्याचा अर्थ. १२.५ नंतरचा चेंडू पडला की आकडा थेट १३ होतो. वीस षटकांच्या सामन्यात १२.४ ला ७ षटकं २ चेंडू, म्हणजे ४४ चेंडू उरतात. हा हिशोब एकदा कागदावर करून घ्या, मग शेवटच्या षटकांची धाकधूक त्यांनाही कळते.

स्टंपसमोर आखलेल्या रेषेचा नियम फलंदाज आणि गोलंदाज दोघांना वेगळा आहे. समोरच्यांनी स्टंप उडवले तेव्हा फलंदाजाची बॅट किंवा पाय रेषेवरच असेल तर तो बाद, कारण रेषेच्या आत टेकलेलं काहीतरी असावं लागतं. गोलंदाजाच्या पुढच्या पायाचा थोडा भाग रेषेच्या मागे असला की पुरे, टाच हवेत असली तरी चालतं. तेवढंही मागे नसेल तर नो बॉल.

आता ऑफ आणि लेग. "उजवी बाजू ऑफ" असं शिकवलं की डावखुरा फलंदाज आला रे आला सगळं उलटं होतं. त्यापेक्षा हे सांगा: फलंदाज आडवा उभा राहतो, त्याच्या छातीसमोरची बाजू ऑफ, पाठीमागची लेग. डावखुऱ्यालाही हेच लागू पडतं. हे पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

पुढचं म्हणजे पायचीत. खरी अडचण इथेच येते. गावातल्या टेनिस बॉलच्या खेळात बहुतेक ठिकाणी एलबी, म्हणजे पायचीत, नसतेच, त्यामुळे लहानपणापासून बॅट धरलेल्या पोरालाही हा नियम फक्त ऐकून माहीत असतो. तो सांगतो, "पाय आडवा आला नसता तर स्टंपला लागला असता, म्हणून आऊट." हे अर्धंच उत्तर आहे. ऐकणाऱ्याला पुढच्याच षटकात स्टंपवर जाणारा चेंडू पायाला लागूनही नाबाद दिलेला दिसतो आणि त्याचा नियमावरचाच विश्वास उडतो. तोंडानं सांगण्यात वेळ घालवू नका, आंगणात करून दाखवा.

तीन तुराट्या रोवा. तिन्हींची मिळून रुंदी एक वीत, म्हणजे ९ इंच, आणि उंची दीड हाताहून बोटभर जास्त. खऱ्या यष्ट्या २८ इंच असतात. दोन्ही बाहेरच्या तुराट्यांपासून दोन सुतळ्या सरळ समोर पंधरा फूट ताणून खुंटीला बांधा. मधला वीतभर पट्टा हीच "लाइन". शिकणाऱ्याला सुतळ्यांच्या दुसऱ्या टोकाला, पंचाच्या जागी उभं करा. बाजूच्या ओट्यावर बसवू नका. बाजूनं फक्त उंची दिसते, लाइन दिसत नाही, आणि इथे भांडण बहुतेक वेळा लाइनचंच असतं. टेनिस बॉल पाण्यात बुडवून टाका, म्हणजे टप्पा पडतो तिथे कोरड्या मातीवर ओला डाग उठतो, आणि पायाला लागला तर पायजम्यावरही. दोन्ही डाग बोट ठेवून दाखवा.

मग प्रत्येक चेंडूला हे प्रश्न याच क्रमानं विचारा. क्रम मोडायचा नाही.

चेंडू नो बॉल नव्हता ना? नव्हता तर पुढे.

टप्पा कुठे पडला? लेगच्या सुतळीबाहेर पडला असेल तर नाबाद, विषय संपला. पुढे तो मधल्या यष्टीवर जात असला तरी संपला. पट्ट्यात किंवा ऑफच्या बाहेर पडला असेल तर पुढे. फुलटॉसला टप्पाच नसतो, तेव्हा हा प्रश्न सोडा.

आधी बॅटला लागला का? बारीकशी कड लागली तरी नाबाद. बॅट धरलेल्या हातातला ग्लोव्हही बॅटच मानतात.

अंगाला कुठे लागला? पट्ट्यात लागला तर पुढे. लेगच्या बाहेर लागला तर नाबाद. ऑफच्या बाहेर लागला आणि फलंदाजानं मारण्याचा खरा प्रयत्न केला असेल तरीही नाबाद. बॅट मागे घेऊन नुसता पाय पुढे केला असेल तर मात्र पुढे जायचं.

स्टंपला लागला असता का? हा प्रश्न सगळ्यात शेवटी. लोक इथूनच सुरुवात करतात, म्हणून गोंधळतात.

नावात "पाय" असला तरी खांद्याला किंवा पोटाला लागूनही माणूस पायचीत होतो, हेही तेव्हाच सांगून टाका. "लेगच्या बाहेर टप्पा पडला की सूट का?" असं काकाजी हमखास विचारतील. पाठीमागच्या बाजूनं येणारा चेंडू फलंदाजाला नीट दिसत नाही आणि खेळायलाही अवघड जातो. ही सूट नसती तर गोलंदाजांनी सगळा मारा तिकडेच केला असता.

दहा-बारा चेंडूंनंतर तुम्ही गप्प राहा आणि त्यांनाच पंच करा. "काकाजी, टप्पा कुठं पडला?" एवढंच विचारा. ते वाकून डाग शोधतील, सुतळीकडे पाहतील आणि "बाहेर आहे ना हा!" म्हणतील. मग टीव्हीवर रिव्ह्यू, म्हणजे पंचाच्या निर्णयाची फेरतपासणी, लागला की पडद्यावरच्या तीन ओळी त्यांना ओळखीच्या वाटतात: टप्पा, अंगाला कुठे लागला, स्टंप. "अंपायर्स कॉल" म्हणजे शेवटच्या दोन ओळींत चेंडूचा निम्म्याहून कमी भाग लाइनमध्ये किंवा स्टंपवर आला, म्हणून मैदानातल्या पंचानं दिलेला निर्णय कायम. त्यात मागणाऱ्या संघाचा रिव्ह्यू वाया जात नाही.

बाकीचं सोपं आहे. मैदानात कुठे उभ्या असलेल्या खेळाडूला काय म्हणतात ते पाठ करायला लावू नका; शॉर्ट किंवा सिली म्हणजे फलंदाजाजवळ, डीप किंवा लाँग म्हणजे धुऱ्याजवळ, एवढं पुरतं. हॅटट्रिक म्हणजे एका गोलंदाजाच्या लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी, मध्ये षटक बदललं तरी चालतं. २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात इंदूरला रजनीश गुरबाणीनं दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली आणि विदर्भानं पहिल्यांदा करंडक आणला.

राहिला प्रश्न "सामना ड्रॉ झाला तर जिंकलं कोण?" याला आपल्याच घरचं उदाहरण द्या. २०२४-२५ चा रणजी अंतिम सामना नागपूरजवळच्या जामठ्याला झाला. विदर्भाच्या पहिल्या डावात ३७९, केरळच्या ३४२. पाच दिवसांत निकाल लागला नाही, सामना अनिर्णित राहिला, पण रणजीच्या बाद फेरीत अशा वेळी पहिल्या डावात पुढे असलेला संघ विजयी धरतात. त्या ३७ धावांवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. आयपीएलमध्ये प्रत्येकाला एकच डाव मिळतो, त्यामुळे तिथे ही आघाडी नसते. बरोबरी झाली तर सुपर ओव्हर खेळवतात.