मेणबत्तीचा रंग विटतो तेव्हा

पहिल्या दिवाळीला मी चाळीस जांभळ्या मेणबत्त्या इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका भेटवस्तूंच्या दुकानात दिल्या होत्या. दुकानदारांनी त्या हौसेने दर्शनी काचेच्या कपाटात मांडल्या. कपाटाचं तोंड पश्चिमेला. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, "दीदी, रंग उड़ गया." जाऊन पाहिलं, तर उन्हाकडची बाजू राखाडी-गुलाबी झालेली आणि मागची बाजू ओतली त्या दिवशीसारखी जांभळी. चाळीसच्या चाळीस घरी परत आणल्या. आई म्हणाली, "वितळवून टाक आणि पुन्हा कर." पण पुन्हा केल्या असत्या तरी पुन्हा तेच झालं असतं. असं का झालं, हे मला माहीतच नव्हतं.

घरून हे काम सुरू करणाऱ्या मुली आणि काकू मला नेहमी विचारतात, "रंग फिका पडतो, तर जास्त घालू का?" आधी नेमकं काय झालंय ते ओळखा. "रंग गेला" असं आपण तीन वेगळ्या गोष्टींना म्हणतो आणि तिघींचे उपाय वेगळे आहेत.

मेणबत्तीवर द्राक्षावर असते तशी पांढरट झाक दिसली, तर रंग गेलेलाच नाही. सोयाचं मेण थंड होताना त्याचे स्फटिक वर येतात आणि खालचा रंग झाकतात. त्या जागी हेअर ड्रायरची गरम हवा थोडा वेळ धरा. रंग परत दिसला, की समजा ही स्फटिकांची साय. इंदूरच्या थंडीत काचेचे ग्लास आधी कोमट करून घेतले आणि ओतल्यावर फडक्याने झाकून सावकाश निवू दिले, तर हा त्रास बराच कमी होतो.

मेणबत्ती बंद खोक्यात असूनही पिवळट-तपकिरी होत गेली, तर सुगंधाकडे पाहा. व्हॅनिलाच्या वासात व्हॅनिलिन असतं आणि ते काळाबरोबर गडद होतं. ऊन नसलं तरी. सुगंध घेताना त्यात व्हॅनिलिन किती आहे ते विचाराच. माझं मत विचाराल तर व्हॅनिला पांढऱ्या-गुलाबी मेणात घालूच नये. कॉफी किंवा बदामी छटा घ्यावी, म्हणजे पुढचं गडद होणं त्या रंगात मुरून जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे खरं विटणं. माझ्या चाळीस मेणबत्त्यांना तेच झालं होतं. मेणात विरघळणाऱ्या रंगाचे रेणू प्रकाशाने, त्यातही अतिनील किरणांनी तुटतात. खिडकीची साधी काच हे सगळे किरण अडवत नाही, बरेचसे आत येऊ देते. म्हणून "आमचा माल काचेआड आहे" या भरवशावर राहू नका. जांभळा हा बहुधा लाल आणि निळा मिळून बनवलेला असतो. त्यातला एक आधी तुटतो आणि दुसरा उरतो. त्यामुळे जांभळा नुसता फिका न होता भलताच रंग होऊन बसतो. फिक्या गुलाबी किंवा आकाशी छटेत मुळात रंगच थोडा असतो, तिथे थोडं नुकसानही लगेच डोळ्यांत भरतं.

पक्क्या रंगाच्या शोधात सुरुवातीला सगळ्या जणी एकाच वाटेने जातात. मेणात न विरघळणारा, बारीक कणांचा रंग उन्हात चांगला टिकतो. मुलांचे मेणाचे खडू त्यातलेच. पण हे कण वातीत जाऊन अडकतात, ज्योत बारीक होते आणि विझते. रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, घरात उरलेला गुलाल मेणात घालून पाहण्याचा मोहही आवरा. खायचा रंग पाण्यात विरघळणारा, तो मेणाच्या तळाशी ठिपके होऊन बसतो. कणांचा रंग वापरायचाच असेल, तर आतली मेणबत्ती साधी ठेवा आणि शेवटी एकदाच रंगीत मेणात बुडवून वरून पातळ थर द्या.

आतपर्यंत रंग हवा असेल, तर मेणबत्तीसाठीचा तेलात विरघळणारा रंगच घ्या. किलोभर मेणाला गडद छटेसाठी मी सुमारे 1 ग्रॅम पूड घेते. हे चमच्याने मोजून चालत नाही. सराफ्यात सोन्यासाठी वापरतात तसा छोटा डिजिटल काटा ही माझी सर्वांत उपयोगी खरेदी ठरली. मेण पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवूनच वितळवा, थेट आचेवर कधीच नको. 80 ते 85 अंशांना रंग घाला, नीट ढवळा आणि उतरवा. दुसरी कामं आटोपेपर्यंत तासन्‌तास गरम ठेवलं, तर ओतण्याआधीच रंग मळकट होऊ लागतो.

रंग घालतानाच यूव्ही अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे अतिनील किरण शोषून घेणारं रसायन, घालायचं. बेन्झोफेनोन नावाच्या रसायनांच्या गटातली यूव्ही 531 नावाची फिकट पिवळसर पूड मिळते. ती 50 अंशांच्या आतच वितळते, त्यामुळे मेणात सहज मिसळते. ती अतिनील किरण स्वतःत घेते आणि त्यांची उष्णता करून टाकते, म्हणून रंगावरचा मारा कमी होतो. मी किलोला 3 ग्रॅम घालते. मोजताना तोंडाला रुमाल बांधा. आणि लक्षात ठेवा, याने विटणं थांबत नाही, लांबतं. दृश्य प्रकाशही हळूहळू आपलं काम करतच असतो. व्हॅनिलाच्या तपकिरीवर हा उपाय नाही. हे न सांगता "रंग कधीच जाणार नाही" असं गिऱ्हाइकाला सांगू नका.

आता कसोटी. प्रत्येक नव्या रंगाची एक मेणबत्ती करून अर्धी अ‍ॅल्युमिनियम फॉईलने घट्ट गुंडाळा आणि 28 दिवस खिडकीत ठेवा. मे महिन्यात गच्चीवर ठेवू नका. पारा 40 च्या वर गेला, की मेणबत्ती वाकते आणि रंगाचं काहीच कळत नाही. सुगंध बदलला की कसोटी पुन्हा. तोच गुलाबी गुलाबाच्या वासात टिकलेला आणि संत्र्याच्या वासात उतरलेला मी पाहिला आहे. वहीत मेण, रंग आणि सुगंध यांचं वजन, ओतण्याचं तापमान आणि तारीख लिहा. अशा दोन वह्या भरल्या, तेव्हा कुठे मी विकण्यासाठी रंग छातीठोकपणे निवडू लागले.

तयार माल आपण पैठणी ठेवतो तसाच ठेवायचा. बटर पेपरमध्ये गुंडाळून, खोक्यात, अंधाऱ्या आणि थंड जागी.

दुकानांसाठी मी एक पद्धत पाडली आहे. दर्शनी कपाटासाठी कणांच्या रंगाचा थर दिलेल्या दोन मेणबत्त्या वेगळ्या देते, त्यावर "नमुना" अशी चिठ्ठी लावते आणि बाकीचा माल खोक्यातून विकायला सांगते. त्याच दुकानदारांनी पुढच्या दिवाळीला ही अट आनंदाने मान्य केली आणि साठ मेणबत्त्या घेतल्या. जांभळा मात्र मी अजून काचेआड दिलेला नाही. सध्या खिडकीत मोरपंखी आहे. आज तेरावा दिवस, फॉईल काढायला अजून पंधरा दिवस आहेत.