बेन्झोइक आम्लाची विद्राव्यता मोल फ्रॅक्शनमध्ये कशी काढायची

विद्राव्यता बहुतेक ठिकाणी ‘१०० ग्रॅम पाण्यात इतके ग्रॅम’ अशी दिलेली असते. मोल फ्रॅक्शनला ग्रॅम चालत नाहीत, मोल (ग्रॅम ÷ रेणुभार) लागतात:

मोल फ्रॅक्शन = द्राव्याचे मोल ÷ (द्राव्याचे मोल + द्रावकाचे मोल)

अट एकच, द्रावण संपृक्त हवे, म्हणजे त्या तापमानाला त्यात आणखी आम्ल विरघळू नये. खरी चूक इथेच होते, गणितात नव्हे.

१०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये सुमारे १ ग्रॅम बेन्झोइक आम्ल टाका. विरघळते त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचे तळाशी दिसत राहिले पाहिजे. बुचाचा फ्लास्क २५ अंश सेल्सिअसच्या थर्मोस्टॅटमध्ये ठेवून अधूनमधून हलवा. दुसरा तसाच फ्लास्क आधी ४० अंशांपर्यंत तापवून मग २५ वर आणा. दोन्हींचे टायट्रेशन (ज्ञात तीव्रतेचा अल्कली किती लागतो ते मोजणे, खाली दिले आहे) जुळले की द्रावण संपृक्त झाले असे खुशाल समजा. पहिल्याचे वाचन कमी आले, तर त्याला अजून वेळ हवा.

पिपेटच्या टोकाला कापसाचा लहान बोळा लावून २५ मिली द्रावण ओढा आणि सोडण्याआधी बोळा काढा. एखादा स्फटिक आत गेला तरी वाचन फुगते. पिपेट गार असेल तर उलटे होते: आम्ल तिच्या काचेवरच बसते आणि वाचन घटते.

फिनॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा दर्शक घालून ०.०५ मोलर (लिटरला ०.०५ मोल) सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. समजा १३.९ मिली लागले. म्हणजे २५ मिलीत ०.६९५ मिलिमोल, लिटरला ०.०२७८ मोल. रेणुभार १२२.१२, म्हणून लिटरला ३.४ ग्रॅम आम्ल. एक लिटर द्रावणाचे वजन सुमारे ९९८ ग्रॅम. त्यातून आम्ल वजा केले की पाणी ९९४.६ ग्रॅम उरते. १८.०२ ने भागा: ५५.२ मोल.

०.०२७८ ÷ (५५.२ + ०.०२७८) = ०.०००५०

इथे छेदातले ०.०२७८ सोडले तरी उत्तर हलत नाही. मिठाच्या बाबतीत असे केलेत तर फसाल. २५ अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते, म्हणजे ०.६१६ मोल, पाणी ५.५५ मोल. मोल फ्रॅक्शन ०.१००. छेदात नुसते पाणी धरले तर ०.१११ येते. शिवाय सोडियम आणि क्लोराइड आयन वेगवेगळे मोजले तर द्राव्याचे कण दुप्पट होतात आणि उत्तर ०.१८२ होते. दोन्ही पद्धती वापरात आहेत, म्हणून कोणती धरली ते उत्तराशेजारी लिहाच.

द्राव्याच्या स्फटिकातच पाणी असेल तर तेही मोजा. मोरचुदाच्या स्फटिकातले पाचही पाण्याचे रेणू द्रावकात जमा करायचे: २५ ग्रॅम मोरचूद म्हणजे ०.१ मोल कॉपर सल्फेट आणि सोबत ९ ग्रॅम पाणी.