समुद्री टँकमधला इच: ठिपके गेले म्हणजे रोग गेला नाही

माशाच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, म्हणजे इच हा परजीवी रोग, दिसला की लोक फोन करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "औषध कुठलं टाकू?" टँक किती लिटरचा, मासे कुठले, गेल्या महिन्यात नवीन काय आणलं, यातलं काहीच सांगायचं नसतं. बाटली मात्र आजच हवी असते. आता मी उलट प्रश्न विचारतो: आजारी मासे ठेवायला वेगळा टब आहे का? बहुतेकदा पलीकडे शांतता.

ठिपके दिसेनासे झाले की सुटलो असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समुद्री इच, म्हणजे क्रिप्टोकेरियॉन इरिटन्स, हा परजीवी माशाच्या कातडीत शिरून साधारण तीन ते सात दिवस खातो आणि मग स्वतःहून गळून पडतो. खाली दगडावर, वाळूत, काचेवर तो स्वतःभोवती कवच करून बसतो आणि आत त्याची विभागणी होत राहते. कवच फुटलं की शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. पण काचेच्या चार भिंतींत मासा न सापडायला तो जाणार कुठे?

म्हणजे पाचव्या दिवशी ठिपके जातात ते जायचेच असतात. त्या दिवशी तुम्ही जे टाकलं असेल त्याला श्रेय मिळतं: लसणाचा रस, 'कोरलला (प्रवाळाला) सुरक्षित' असं लिहिलेली बाटली, माशांवरचे परजीवी टिपणारी कोळंबी म्हणजे क्लीनर श्रिंप. लसणाने मासा जरा जास्त खातो, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात तेच ठिपके सगळ्या माशांवर दिसले की मग गडबड सुरू होते.

ठाण्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे मोठा रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलचा टँक होता. अनेक वर्षं वाढवलेले अ‍ॅक्रोपोरा, टॉर्च, हॅमर हे कोरल. बघत बसावं असा. त्यांनी पावडर ब्लू टँग आणला. आपल्याच हिंदी महासागरातला मासा, देखणा, आणि इच ओढवून घेण्यात पहिला नंबर. पिशवी तरंगवली, तापमान जुळवलं आणि थेट मुख्य टँकमध्ये सोडला. आठवड्याभरात ठिपके. लसूण झाला, बाटली झाली, ठिपके गेले, मला 'बरा झाला' म्हणून फोटोही आला. "टँक रिकामा करा, मासे बाहेर काढा," असं मी कळवलं. त्यावर हसणारा चेहरा आला.

पुढच्या हल्ल्यात क्लाउनफिशसुद्धा सुटले नाहीत. कुणीतरी त्यांना सांगितलं की तांब्याने इच मरतो. सांगणाऱ्याचं खोटं नव्हतं. 'वेगळ्या टबात' हे दोन शब्द तेवढे गळाले होते. यांनी शेतीच्या दुकानातून मोरचूद (कॉपर सल्फेट) आणलं, अंदाजाने विरघळवलं आणि रीफमध्ये ओतलं. रात्रीपर्यंत गोगलगायी काचेवरून खाली पडल्या. श्रिंप गेले. सकाळी कोरल आत ओढलेले, पाणी गढूळ, मेलेल्या जिवांमुळे अमोनिया चढलेला. मजा म्हणजे तांबं टँकमधल्या दगडांनी (लाइव्ह रॉक) आणि वाळूने शोषून घेतल्यामुळे माशांना पुरेसा डोस मिळालाच नाही. इच राहिला, रीफ गेला. तो दगड पुन्हा कोरलसाठी वापरायचा धीर कुणाला होणार?

त्यापेक्षा सगळे मासे बाहेर काढा. सगळे, दगडामागे लपणारी गोबीसुद्धा. एक मासा राहिला तरी परजीवीचं घर चालू राहतं. मुख्य टँक ७६ दिवस माशांविना ठेवायचा, मोजणी शेवटचा मासा निघाल्यापासून. हा आकडा हवेतला नाही: प्रयोगशाळेत ७२ दिवसांनीही कवचातून पिल्लं निघालेली आहेत. उष्णतेत चक्र लवकर फिरतं म्हणून कमी दिवस चालतात असं म्हणणारे आहेत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही आणि दिवसही कमी करत नाही. नुसतं तापमान वाढवून इच जाईल ही आशा मात्र सोडा. पाण्यातला प्राणवायू घटतो आणि कोरल भाजून निघतात.

तांबं वापरायचं तर मोजून

माझा टब म्हणजे भांड्यांच्या दुकानातला मोठा प्लास्टिकचा डबा. त्यात हीटर, पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि स्पंज फिल्टर. वाळू नाही, दगड नाही. स्पंज एरवी संपमध्ये, म्हणजे मुख्य टँकच्या गाळणीच्या टाकीत पडलेला असतो, म्हणजे गरज लागली की त्यात बॅक्टेरिया तयारच. चिलेटेड (दुसऱ्या रसायनाला बांधलेलं) कॉपर २ ते २.५ पीपीएम, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवत, पुढे ३० दिवस स्थिर. आयोनिक (मोकळ्या) कॉपरचा हिशोब वेगळा, ०.१५ ते ०.२० पीपीएम. एकाचा आकडा दुसऱ्याला लावलात तर मासा मरेल किंवा इच जगेल. कॉपर मोजायचा किटही आपल्या कॉपरला चालणारा घ्या. किट नसेल तर कॉपर आणूच नका, आणि मोरचूद टबातही नको. अमोनिया चढला की त्याला बांधून ठेवणारं औषध कॉपरमध्ये ओतू नका, काही जोड्या माशालाच विषारी ठरतात. पाणी बदला, आणि नव्या पाण्यात आधी तेवढंच कॉपर घाला.

जाता जाता: घरातल्या प्युरिफायरला 'कॉपर' कार्ट्रिज असेल तर ते पाणी रीफमध्ये उडून गेलेलं पाणी भरायला (टॉप-अपला) घेऊ नका. पिणाऱ्याला चालतं, श्रिंपला नाही.

ठिपक्यांची वाट बघत बसणं

वेल्व्हेट हा दुसरा परजीवी रोग तेवढा वेळ देत नाही. त्याचा परजीवी अमायलूडिनियम आधी कल्ल्यांवर बसतो. मासा पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तोंड खुपसून उभा राहतो, धापा टाकतो, उजेड टाळतो, खाणं सोडतो. अंगावर बारीक धूळ दिसेपर्यंत थांबलात तर दोन दिवसांत टँक रिकामा होऊ शकतो. त्याच दिवशी टबात घ्या, कॉपर सुरू करा. क्षारता (पाण्यातलं मीठ) उतरवून हा जात नाही.

बाकीच्या चुका

क्षारता उतरवून इच घालवायचा असेल तर टबातच, पाण्याची सापेक्ष घनता १.००९ वर आणि ३० दिवस; १.०१२ म्हणजे फुकट मेहनत. काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर इथे कामाचा नाही, कॅलिब्रेट केलेला रिफ्रॅक्टोमीटर लागतो.

क्लाउनच्या अंगावरून चिकट पापुद्रे सुटत असतील तर तो ब्रुकलिनेला, आणखी एक परजीवी. त्याला कॉपर नव्हे, फॉर्मेलिन.

डोळे धुरकट, मासा दगडाला अंग घासतो, ठिपके नाहीत? फ्लूक, म्हणजे चपटे परजीवी कृमी असू शकतात. तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं. फ्लूक असतील तर पांढरे होऊन तळाशी पडतात. पुढे प्राझिक्वान्टेल हे कृमींचं औषध. इचला मात्र ही अंघोळ पुरत नाही, तो कातडीच्या आत असतो.

माशांच्या टाकीशेजारचं कोरल आणि गोगलगायसुद्धा कवचं घेऊन येतात. त्यांनाही माशांविना वेगळं ठेवायचं. इथे सगळे कंटाळतात.

"क्वारंटाइनला जागा नाही" म्हणणाऱ्यांच्या घरी पाण्यातली घाण काढणाऱ्या स्किमरला, पाणी थंड करणाऱ्या चिलरला आणि हातभर लाइटला जागा असते, हे मी पाहिलेलं आहे.

मासे परत सोडताना टबातलं पाणी सोबत जाऊ देऊ नका. टँगच्या शेपटीजवळचा काटा जाळीत अडकतो आणि मासा जखमी होतो, म्हणून मी त्याला भोकं पाडलेल्या डब्यात घेतो, पाणी निथळू देतो आणि सोडतो. तो डबा आणि टबाची जाळी मग टबाजवळच राहतात.