१९१७ चे रशियन हंगामी सरकार : अभ्यास करताना या चुका टाळा

रशियन राज्यक्रांतीवरची विद्यार्थ्यांची उत्तरे वाचताना एक गोष्ट हमखास दिसते. फेब्रुवारीत झार गेला, ऑक्टोबरमध्ये लेनिन आला आणि मधले आठ महिने एका वाक्यात उरकले: ‘हंगामी सरकार दुबळे होते, त्याने युद्ध चालू ठेवले, म्हणून ते कोसळले.’ वाक्य खोटे नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. सरकार दुबळे का होते? पहिल्या महायुद्धातून बाहेर पडणे सोपे असेल तर त्यांनी ते थांबवले का नाही? हे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. तो गुंता सोडवायचा कंटाळा केला की पुढच्या चुका आपोआप होतात.

तारखांचा घोळ

रशियात तेव्हा ज्युलियन कालगणना होती, ती आपल्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे. म्हणून २३ फेब्रुवारीला सुरू झालेली फेब्रुवारी क्रांती आपल्या हिशेबाने ८ मार्चची, आणि २५ ऑक्टोबरची क्रांती ७ नोव्हेंबरची. दोन पुस्तकांत दोन तारखा सापडल्या तर आधी १३ दिवस मिळवून पाहा, बहुतेक वेळा कोडे तिथेच सुटते. एका उत्तरात एकच पद्धत ठेवा. या लेखातल्या पुढच्या तारखा जुन्या कालगणनेच्या आहेत.

‘लेनिनने झारला हटवले’

ही चूक समाजमाध्यमांवर रोज दिसते. झारने २ मार्चला पदत्याग केला तेव्हा लेनिन झुरिचमध्ये होता, नंतरचे त्याचे साथीदार ट्रॉट्स्की न्यूयॉर्कमध्ये आणि स्टालिन सायबेरियात हद्दपारीत. जानेवारीत झुरिचच्या एका भाषणात लेनिन म्हणाला होता की, येऊ घातलेल्या क्रांतीच्या निर्णायक लढाया आमची पिढी कदाचित पाहणारही नाही. फेब्रुवारीचा उठाव राजधानी पेट्रोग्राडच्या पावाच्या रांगांतल्या बायका, कारखान्यांतले कामगार आणि त्यांच्यावर गोळी झाडायला नकार देणारे सैनिक यांचा होता. लेनिन पेट्रोग्राडच्या फिनलंड स्टेशनवर उतरला तो थेट ३ एप्रिलला.

सरकारच्या हाती सत्ता होती असे गृहीत धरणे

माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. हंगामी सरकार कोणी निवडून दिलेले नव्हते. मर्यादित मताधिकारावर १९१२ मध्ये निवडलेल्या ड्यूमाच्या, म्हणजे रशियाच्या संसदेच्या, काही सदस्यांनी एक समिती नेमली आणि त्या समितीने प्रिन्स ल्वोव्ह यांचे मंत्रिमंडळ बनवले. त्याच ताव्रिचेस्की प्रासादात, दुसऱ्या बाजूच्या दालनांत, कामगारांची आणि सैनिकांची पेट्रोग्राड सोव्हिएत, म्हणजे त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची परिषद, बसली होती. सरकारकडे जबाबदारी होती, पण लोक ऐकत होते ते सोव्हिएतचे. यालाच दुहेरी सत्ता म्हणतात.

हे नुसते नाव पाठ करून भागत नाही, त्याचा तपशील पाहायला हवा. सोव्हिएतने १ मार्चला ‘आदेश क्रमांक १’ काढला: प्रत्येक तुकडीत सैनिकांची निवडलेली समिती असेल, शस्त्रे समितीच्या ताब्यात राहतील, आणि ड्यूमाच्या लष्करी आयोगाचा हुकूम सोव्हिएतच्या हुकमाविरुद्ध नसेल तरच पाळायचा. आदेश राजधानीतल्या फौजेसाठी होता, पण तो आघाडीवरही पसरला. युद्धमंत्री गुचकोव्ह यांनी आठवडाभरातच सरसेनापती अलेक्सेयेव्ह यांना कळवले की, सरकारकडे खरी सत्ता नाही, सोव्हिएत जेवढे होऊ देईल तेवढेच हुकूम चालतात.

सरकारने स्वतःही आपले हात बांधून घेतले होते. सत्तेवर येतानाच्या आठ कलमांपैकी एक असे होते की, क्रांतीत भाग घेतलेल्या राजधानीतल्या तुकड्यांची शस्त्रे काढून घेणार नाही आणि त्यांना पेट्रोग्राडबाहेरही पाठवणार नाही. ऑक्टोबरमध्ये सरकारने याच तुकड्या आघाडीवर हलवायचे ठरवले आणि तोच विषय हाती घेऊन लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने फौज आपल्या बाजूला वळवली. जुने पोलीस दल बरखास्त झाले होते, प्रांतांचे गव्हर्नर काढून टाकले होते. हुकूम काढला तरी गावात जाऊन तो बजावायला माणूस नव्हता.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर साहजिकच १९४६ चे नेहरूंचे हंगामी सरकार येते. ती तुलना इथे दिशाभूल करते. दिल्लीत वर व्हाइसरॉय होता आणि खाली सनदी सेवा, पोलीस, सैन्य सगळे जागेवर होते.

‘युद्ध थांबवले असते तर झाले असते’

इथे घाई करू नका. सरकारला युद्धाचा सोस होता, असे एका दमात लिहू नये. परराष्ट्रमंत्री मिल्युकोव्ह यांना तो होता, कॉन्स्टँटिनोपल आणि सामुद्रधुन्या त्यांना हव्या होत्या. त्यांनी १८ एप्रिलला मित्रराष्ट्रांना ‘निर्णायक विजयापर्यंत’ लढण्याचे आश्वासन पाठवले. ते फुटताच पेट्रोग्राडचे रस्ते भरले आणि मिल्युकोव्ह, गुचकोव्ह दोघेही गेले. ५ मे रोजी बनलेल्या संमिश्र मंत्रिमंडळात सहा समाजवादी मंत्री आले. सोव्हिएतमध्ये तेव्हा बहुमत मेन्शेविक आणि समाजवादी क्रांतिकारक या पक्षांचे होते. त्यांना भूप्रदेश न बळकावता शांतता हवी होती, पण जर्मनीशी एकट्याने तह नको होता. एकट्याने तह करायचा नाही, असा १९१४ चा करार होता. कर्ज आणि दारूगोळा मित्रराष्ट्रांकडून येत होता. आणि पूर्व आघाडी थंडावली तर जर्मन सम्राट कैसरची फौज क्रांतीलाच चिरडेल, ही भीती खरीच होती.

मग समाजवाद्यांनी सगळ्या लढणाऱ्या देशांतल्या समाजवादी पक्षांची परिषद स्टॉकहोमला भरवायचा घाट घातला. ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेने आपल्या प्रतिनिधींना पारपत्रेच नाकारली. तो दरवाजा बंद झाला.

दुसरा मार्ग नवे युद्धमंत्री केरेन्स्की यांनी निवडला: एक विजय मिळवायचा, म्हणजे मित्रराष्ट्रे आपले ऐकतील आणि सैन्यातली शिस्तही परतेल. गॅलिशियातली चढाई १८ जूनला सुरू झाली. सुरुवातीला जनरल कॉर्निलोव्ह यांच्या आठव्या सैन्याने हालिच आणि कालुश घेतले. पण अनेक तुकड्यांनी पुढे जायचे की नाही यावर सभा घेतल्या, राखीव तुकड्या हलेनात, आणि ६ जुलैच्या जर्मन प्रतिहल्ल्यात आघाडी तार्नोपोलच्या मागे कोसळली. मला विचाराल तर सरकारचा खरा पराभव इथे झाला. मे महिन्यात त्याच्याकडे सोव्हिएतचा पाठिंबा होता, थोडी पत होती. ती सगळी त्याने या एका डावावर लावली.

युद्धाशी जमीन बांधलेली होती, हेही उत्तरात आलेच पाहिजे. सैनिक म्हणजे वर्दीतला शेतकरी. गावात जमीनवाटप सुरू झाले तर तो आघाडी सोडून घरी धावेल, म्हणून वाटप पुढे निवडून यायच्या संविधान सभेवर ढकलले. वाटप होईना म्हणून शेतकऱ्यांनी जमिनी स्वतःच घेतल्या, आणि सैनिक घरी निघालेच.

‘सोव्हिएत म्हणजे बोल्शेविक’

जूनमधल्या पहिल्या अखिल रशियन सोव्हिएत काँग्रेसमध्ये समाजवादी क्रांतिकारकांचे २८५, मेन्शेविकांचे २४८ आणि बोल्शेविकांचे १०५ प्रतिनिधी होते. पेट्रोग्राडमधल्या जुलैच्या सरकारविरोधी दंगलीनंतर ट्रॉट्स्की तुरुंगात गेला, लेनिन फिनलंडला पळाला. जुलैअखेर बोल्शेविक संपल्यातच जमा होते. दोन महिन्यांत चित्र कसे पालटले हे सांगितले नाही तर उत्तर अर्धेच राहते, आणि ते सांगायला कॉर्निलोव्ह प्रकरण नीट समजावे लागते.

दोन ल्वोव्ह, एक गैरसमज

पंतप्रधान गिओर्गी ल्वोव्ह ७ जुलैला पायउतार झाले आणि केरेन्स्की पंतप्रधान झाले. ऑगस्टमधल्या प्रकरणात येणारे व्लादिमिर ल्वोव्ह वेगळे, आधीच्या मंत्रिमंडळात चर्चचे कामकाज पाहणारे. हे दोघे एक समजले की सगळी साखळी तुटते.

कॉर्निलोव्ह आता सरसेनापती होते. व्लादिमिर ल्वोव्ह यांनी कॉर्निलोव्ह आणि केरेन्स्की यांच्यात निरोप नेले, आणि कॉर्निलोव्ह सगळी सत्ता मागत आहेत असे केरेन्स्की यांना सांगितले. २६ ऑगस्टच्या संध्याकाळी केरेन्स्की तारयंत्रावर बसले आणि ल्वोव्ह शेजारी असल्याचे भासवून त्यांनी कॉर्निलोव्ह यांना विचारले: निरोप खरा ना? निरोप नेमका काय, हे कॉर्निलोव्ह यांनी विचारलेच नाही, ‘हो’ म्हटले. रात्री त्यांना बडतर्फ केले आणि त्यांनी हुकूम मानला नाही. कॉर्निलोव्ह यांनी पाठवलेले जनरल क्रिमोव्ह यांचे घोडदळ राजधानीकडे निघाले होते. रेल्वे कामगारांनी गाड्या अडवल्या, सोव्हिएतच्या माणसांनी सैनिकांना समजावले, मोठी लढाई झालीच नाही. पण पेट्रोग्राडच्या रक्षणासाठी कामगारांच्या हाती बंदुका गेल्या. ट्रॉट्स्की सुटला आणि २५ सप्टेंबरला सोव्हिएतचा अध्यक्ष झाला. केरेन्स्की यांच्यावर आता अधिकाऱ्यांचाही विश्वास उरला नाही आणि डाव्यांचाही. त्यामुळे हे प्रकरण ‘देशद्रोही सेनापती’ किंवा ‘फसलेला तारणहार’ असे एका बाजूने रंगवू नका.

हिवाळी प्रासादाची ‘प्रचंड लढाई’

पडद्यावर दिसणारा तो हजारोंचा हल्ला नंतरच्या काळातला. प्रत्यक्षात मंत्री बसलेल्या या प्रासादाच्या रक्षणाला लष्करी विद्यालयातली मुले आणि महिला पलटणीची एक तुकडी होती, त्यातलेही अनेक निघून गेले. ‘अरोरा’ या युद्धनौकेने कोरा बार काढला. २६ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास मंत्र्यांना अटक झाली, जीवितहानी थोडी होती. केरेन्स्की आदल्या सकाळीच फौज आणायला मोटारीने गेले होते. बाईच्या वेशात पळाल्याची कथा लिहू नका, ती खोटी आहे. रक्त सांडले ते मॉस्कोत, तिथली लढाई आठवडाभर चालली.

‘निवडणूक झालीच नाही’

झाली. संविधान सभेची निवडणूक आधी १७ सप्टेंबरला ठरली होती. मतदारयाद्या आणि आघाडीवरच्या सैनिकांचे मतदान ही कारणे देऊन सरकारने ती १२ नोव्हेंबरवर नेली, आणि तोवर सरकारच उरले नव्हते. समाजवादी क्रांतिकारकांना सुमारे ४० टक्के मते मिळाली, बोल्शेविकांना सुमारे २४ टक्के. जमीन, राज्यपद्धती असे सगळे मोठे प्रश्न ज्या सभेसाठी राखून ठेवले होते ती ५ जानेवारी १९१८ रोजी ताव्रिचेस्की प्रासादात भरली, पहाटेपर्यंत चालली आणि दुसऱ्या दिवशी सभासद परतले तेव्हा दारावर सैनिकांचा पहारा होता.