बेळगावात फाईव्ह स्टार रूम घेताय? आधी तारीख बघा

गोव्याला जाणारे बेळगावात चहा पिऊन चोर्ला घाटाकडं सुटतात, त्यामुळं इथं चांगल्या हॉटेलात रूम गोव्यापेक्षा बऱ्याच स्वस्तात पडते, पण डिसेंबरात नाही हां. सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन लागलं की आमदार, अधिकारी, त्यांच्या मागची माणसं, सगळी हॉटेलं फुल्ल, आणि उरलीसुरली रूम मिळालीच तर रेट ऐकून गप बसायचं. १ नोव्हेंबरला पण नको, कर्नाटक राज्योत्सव असतो, चन्नम्मा सर्कलकडं रात्री उशिरापर्यंत डीजे.

दुसरं म्हणजे जीएसटी. एका रात्रीचं भाडं ७,५०० पर्यंत असलं तर ५ टक्के, वर गेलं की थेट १८. म्हणजे ७,५०० ची रूम ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला! शंभरासाठी हजाराचा फटका, म्हणून रेट थोडाच वर असला तर फोन करून सरळ विचारा, "ओ सर, साडेसात हजारात बसवा की", सीझन नसला तर बऱ्याचदा ऐकतात.

लग्नसराईत हॉल हॉटेलातच असतो, त्यामुळं बुक करतानाच हॉलपासून लांबची, वरच्या मजल्यावरची रूम मागून घ्या, नंतर रिसेप्शनवर भांडून काय उपयोग नाही. सांबऱ्याहून सकाळचं विमान असेल तर नाश्ता बॉक्समध्ये मिळतो का तेही विचारा. आणि कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, हॉटेलात कशाला खाताय, बाजारातनं ताजा आणा.